बुधवारी काही नसतं

सव्वीस वर्षांपासूनची माझी मैत्रीण शीतल हिने चांदिवलीला नवं घर घेतलं आणि त्या घराच्या जेवणाला अख्ख्या ऑफिसला बोलावलं. अख्ख्या म्हणजे अख्ख्या. तिची फाइल दोनदा हरवणाऱ्या सीताराम शिपायाला बोलावलं. ज्या ऋताला नोकरीला लागून तीन महिने झालेत आणि अजून झेरॉक्सच्या मशीनमधे कागद कुठून घालायचा ते कळत नाही, तिलाही बोलावलं. नाही बोलावलं ते फक्त मला. मला काय, तर पवईला तलावासमोरच्या मोठ्या हॉटेलात दुपारचं जेवण. ती म्हणाली, आपण दोघीच, सुलू. आपली स्पेशल पार्टी.

मी किती स्पेशल आहे ते मला सोमवारी सकाळी कळलं. ऋता मोबाइल घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, मॅडम तुम्ही का नाही आलात, काय झकास मटण होतं. मग तिने फोटो दाखवले. हॉलमधे बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, हार, मेणबत्त्या. खाली सतरंजीवर पंगत. पंगतीत आमचे ब्रँच मॅनेजर मांडी घालून बसलेले, ज्यांना खुर्चीतून उठताना दोन माणसं लागतात. शीतलची आई चंपामावशी हातात पातेलं घेऊन वाढतेय. शीतलचा मुलगा प्रबुद्ध सगळ्यांना आग्रह करतोय. मी सगळे फोटो शांतपणे पाहिले आणि ऋताला सांगितलं की मला बरं नव्हतं. मग बाथरूममधे जाऊन तोंडावर पाणी मारलं.

राग आला होता, आणि का नाही येणार? आम्ही दोघी एकाच दिवशी या विमा कंपनीच्या अंधेरीच्या ब्रँचला लागलो. टेबलाला टेबल लावून बसलो. तिच्या बाळंतपणात तिचं काम मी केलं, माझ्या सासूच्या आजारपणात माझं तिने केलं. सव्वीस वर्षं मी माझ्या डब्यातली कोलंबी आधी तिला वाढली, मग स्वतः घेतली. आणि घर घेतल्यावर सीताराम पंगतीत आणि मी हॉटेलात! नवऱ्याला सांगितलं तर जयवंत पेपरमधून मान वर न करता म्हणाला, अगं चांगलं आहे की, तिकडे टेबलखुर्ची असेल. या माणसाशी बोलायचं म्हणजे दहिसरच्या नदीत दगड टाकायचा, तोही गाळात जातो, आवाजसुद्धा येत नाही.

तेव्हा मी ठरवलं. जायचं, जेवायचं, आणि मला घरी का बोलावलं नाहीस हे तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय उठायचं नाही. तिला मी नकोशी झाले असेन, तर तसं तिने तोंडावर सांगावं. पण कळायला हवं होतं. त्या दोन रात्री मला धड झोप लागली नाही.

त्यात दिवस निवडला बुधवार. माणसं पार्टी शनिवारी करतात, रविवारी करतात. ही म्हणाली, बुधवारच. दोघींनी रजा टाकायची. मी विचारलं, का गं, बुधवारी काय आहे? ती म्हणाली, काही नाही म्हणूनच. मला वाटलं, मोठ्या घरात राहायला गेल्यावर माणसं अशीच बोलत असतील.

हॉटेलच्या नावात एकही स्वर नव्हता, नुसती पाच इंग्रजी व्यंजनं. रिक्षावाल्याला मी नाव वाचून दाखवलं तर तो म्हणाला, मॅडम, लँडमार्क बोला. आत एसी असा की मला पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यावा लागला. दिवे इतके मंद की समोरचा माणूस ओळखीचा आहे की नाही ते त्याच्या जवळ जाऊन बघावं लागेल. शीतल आधीच येऊन बसली होती. मोरपंखी साडी, केस कापलेले, छान दिसत होती. त्याचाही मला राग आला. तिने उठून मिठी मारली, मीही मारली, पण अर्धीच.

आमच्या दिमतीला प्रांजल नावाचा वेटर होता. चांगला पस्तिशीचा बाप्या, काळा शर्ट, काळा एप्रन, छातीवर नावाची पट्टी. त्याने आमच्या मांडीवर रुमाल अंथरले. मी बावन्न वर्षांची आहे, माझ्या मांडीवर परका पुरुष रुमाल अंथरतोय म्हणून मी चटकन मागे सरले तर खुर्ची कुरकुरली आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईने पाहिलं. मग तो म्हणाला की इथे मेनूकार्ड नसतं. सात पदार्थ येतील, एकामागून एक, आणि ते मिळून कोकणाचा एक प्रवास होईल. मी त्याला म्हटलं, कोकणाचा प्रवास मी दर मे महिन्यात करते बाबा, एसटीने, चौदा तास. तो हसला नाही. त्याला बहुतेक न हसण्याचं ट्रेनिंग होतं.

पहिला पदार्थ आला. बशी आमच्या घरच्या परातीएवढी, आणि तिच्या मधोमध बोटाच्या पेराएवढं काहीतरी. प्रांजल म्हणाला, हे कोकम आहे, कोकणात मिळणारं एक आंबट फळ. मालवणच्या सुनेला तो कोकम म्हणजे काय ते सांगत होता, आणि तेही हिंदीत. मी मान हलवत राहिले. मग काळ्या दगडावर एक बोंबील आला. एकच. त्याच्या बाजूला हिरव्या चटणीचे तीन ठिपके, नीट अंतर मोजून ठेवलेले. मग सोलकढीचा फेस. खोटं नाही सांगत, कढी नव्हतीच, नुसता फेस होता, चमच्यात. आमच्याकडे सोलकढीला फेस आला तर ती मोरीत ओततात. इथे ती आणणाऱ्याने हात मागे बांधून दोन मिनिटं भाषण केलं की ही शेफच्या आजीची कृती आहे. मी विचारलं, शेफ कुठले? म्हणाला, चंडीगढचे. मी विचारलं, आणि आजी? तो जरा गडबडला आणि पाणी ओतायला लागला.

शीतल हे सगळं हसून बघत होती. खरं सांगायचं तर मजा येत होती, आणि तीच पंचाईत होती. तिच्यासमोर बसलं की मला राग धरून ठेवता येत नाही. तिने सांगितलं की प्रबुद्धने कर्ज काढलंय, घर दोघांच्या नावावर आहे, बाल्कनीतून तलावाचा एक तुकडा दिसतो, तोही समोरच्या टॉवरमधे दिवे लागले की दिसेनासा होतो. चंपामावशी रोज सकाळी त्या तुकड्याकडे बघत चहा पिते. घाटकोपरच्या दहा बाय बाराच्या खोलीत चाळीस वर्षं काढली तिने, आता एवढ्या मोठ्या घरात तिला हाक मारली तर ऐकू जात नाही म्हणून रागावते. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे सगळं मी तिथे सतरंजीवर बसून ऐकायला हवं होतं. सीतारामने ऐकलं असेल.

चौथा पदार्थ तांदळाची भाकरी होता. बाहुलीच्या भातुकलीतली असावी एवढी. त्यावर एक कोलंबी. ती कोलंबी बघून माझा ताबा सुटला. मी चमचा खाली ठेवला आणि विचारलं.

"शीतल, मला घरी का नाही बोलावलंस?"

तिने भाकरी तोंडात टाकली, सावकाश खाल्ली, तोंड पुसलं. मला वाटलं, आता काहीतरी थाप मारेल. जागा कमी होती, घाई झाली, निरोप द्यायचा राहिला. मी त्यातल्या प्रत्येकावर काय बोलायचं ते ठरवूनच आले होते.

ती म्हणाली, "बोलावलं असतं तर तुझा उपास असता."

मी म्हटलं, म्हणजे? रविवारी माझा कसला उपास? ती म्हणाली, तेच तर. रविवारी नसतो, पण माझ्याकडे यायचं असलं की असतो. आणि मग तिने ते सगळं सांगायला सुरुवात केली, आवाज न चढवता, ऑफिसात क्लेमच्या कागदांची यादी वाचतो तशी. प्रबुद्धचं बारसं, तेव्हा सोमवार. त्याचा पाचवा वाढदिवस, गुरुवार. तिच्या बहिणीच्या लग्नाआधीचं केळवण, तेव्हा संकष्टी. ती म्हणाली, मी घरी गेल्यावर कॅलेंडर बघितलं सुलू, संकष्टी दोन दिवसांनी होती. चौदा एप्रिलला तिने दर वर्षी बोलावलं, आणि दर चौदा एप्रिलला माझं काहीतरी निघालं. एका वर्षी शनिवार होता, एका वर्षी माझ्या दातात ठणका होता, एका वर्षी मी नुसतीच आले आणि पाणी पिऊन गेले.

"म्हणून बुधवार," ती म्हणाली. "बुधवारी तुझं काही नसतं. मी नीट बघून ठेवलंय."

आता इथे मला माझी बाजू मांडायला हवी. मी ती मांडलीही. मी म्हटलं, अगं, मी तसली नाही गं. तुला माहितीये मी तसली नाही. आणि ते खरंच आहे. हे मी सुरू केलंच नव्हतं. लग्न होऊन चार महिने झाले होते, शीतलकडे पहिल्यांदा जायचं होतं, आणि माझी सासू रत्नप्रभा, देव तिला सुखात ठेवो, चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, जा गो, पण थंय काय खाव नको, उपास आसा म्हणान सांग. नवी सून होते. तसं सांगितलं. घरी परत भांडण नको म्हणून सांगितलं. पुढच्या वेळी पुन्हा सांगितलं, आणि मग ते तोंडात बसलं.

सासूला जाऊन नऊ वर्षं झाली. शीतलने हेच विचारलं. तुझ्या सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली ना गं? नऊ वर्षं मी कोणाला घाबरून उपास करत होते, ते मलाच माहीत नव्हतं.

मग मी माझं शेवटचं हत्यार काढलं. म्हटलं, ऑफिसात आपण रोज एकत्र जेवतो, ते काय मग? सव्वीस वर्षं माझ्या डब्यातलं तुला दिलं की नाही? ती म्हणाली, दिलंस. रोज दिलंस. आणि माझ्या डब्यातलं? मला तिचा स्टीलचा तीन पुडांचा डबा डोळ्यासमोर दिसत होता, झाकणावरचा पोचा दिसत होता, आत काय असायचं तेही माहीत होतं, मेथी, अंड्याची पोळी, शुक्रवारी सुकट. पण चव आठवेना. एकाही भाजीची. ती डबा पुढे करायची आणि मी म्हणायचे, बस गं, पोट भरलं. रोज. मी स्वतःला दानशूर समजत होते.

तेवढ्यात प्रांजल पाचवा पदार्थ घेऊन आला आणि त्याने सुरुवात केली की कोकणात पाहुण्याला फणस... मी त्याला म्हटलं, ठेव आणि जा. शुद्ध मराठीत. त्याने ठेवलं आणि गेला. त्यालाही मराठी येत होती, मेल्याला.

शीतलने माझा हात धरला. म्हणाली, मी हे बोलणार नव्हते. मला सवय झाली होती, मी तुला चांगली ओळखते, तू वाईट नाहीस. हे ऐकून मला जास्त लागलं. वाईट नाहीस असं माणूस कधी सांगतं? मग ती म्हणाली, हे हॉटेल माझी कल्पना नाही. आईची आहे.

प्रबुद्ध दहावी पास झाला तेव्हा मी पेढे घेऊन घाटकोपरला गेले होते. माझा उपास असतो हे चंपामावशीला एव्हाना पाठ झालं होतं. तिने साबुदाण्याची खिचडी केली होती. नुसती केली नव्हती, त्यासाठी नवी कढई आणली होती, नवा झारा आणला होता, की हिच्या उपासाला आपलं रोजचं भांडं नको. मला ती कढई आठवते. तिच्यावरचा कागद अर्धा निघालेला होता. ती बघितली आणि मी म्हटलं, मावशी, आज माझा निर्जळी आहे. मावशी म्हणाली, असू दे गं पोरी, देवाचं आहे. मी पेढे ठेवले आणि निघाले. आणि स्टेशनकडे जाताना भूक लागली होती, सकाळपासून खरंच काही खाल्लं नव्हतं, म्हणून कोपऱ्यावर वडापाव खाल्ला. दोन खाल्ले.

माझा चष्मा तिथे राहिला होता. दुसऱ्या दिवशी शीतलने तो मला ऑफिसात आणून दिला आणि म्हणाली, आई लगेच मागे धावली होती, पण तू गर्दीत दिसली नाहीस. इतकी वर्षं मी तेच धरून चालले होते.

"दिसलीस तू तिला," शीतल म्हणाली. "वडापावच्या गाडीवर. ती चष्मा पदराखाली धरून परत आली. मलासुद्धा बोलली नाही. आत्ता, घराच्या जेवणाची यादी करायला बसलो, मी तुझं नाव पहिलं घातलं. तेव्हा म्हणाली, तिला घरी नको बोलवू. बिचारी आपल्याकडे उपाशी राहते. तिला बाहेर कुठेतरी चांगलं जेवायला घाल."

मला रडू आलं. सरळ सांगते, त्या पाच व्यंजनांच्या हॉटेलात, परातीएवढ्या बशीसमोर मी रडले, आणि ज्या रुमालाचा मघाशी एवढा तमाशा केला होता त्यालाच नाक पुसलं. मावशीने चिडून म्हटलं असतं, टोमणा मारला असता, शिव्या घातल्या असत्या तर मी भांडले असते. भांडणात मला कोणी हरवत नाही. पण त्या बाईला माझी दया आली होती. मी उपाशी जाते याचं तिला वाईट वाटत होतं.

उरलेले दोन पदार्थ आले आणि गेले. एकावर सोन्याचा वर्ख होता. प्रांजलने शहाणपणा करून तोंड उघडलं नाही. निघताना त्याने प्रवास कसा झाला असं विचारायचा फॉर्म पुढे केला, आणि शीतलने त्यावर सगळीकडे उत्तम अशी खूण केली.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. शीतलचं घर तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर. मी म्हटलं, चल, आत्ता येते तुझ्याकडे, घर दाखव, मावशीला भेटते. शीतल रस्त्याकडे बघत रिक्षाला हात करत होती. ती म्हणाली, आत्ता तू जेवलीयस सुलू. आत्ता येऊन काय करणार, पाणीच पिणार. तिने हे लागावं म्हणून म्हटलं नव्हतं, आणि तरी लागलं. मला कळलं की आज पाया पडून, माफी मागून, घर बघून, भिंतींचा रंग छान आहे म्हणून परत येण्यात काही अर्थ नाही. तसं तर मी सव्वीस वर्षं करतच होते.

मी म्हटलं, मग रविवारी येते. जेवायला येते. मावशीला सांग.

एक रिक्षा थांबली. शीतलने त्याला थांबायची खूण केली, वळली, आणि माझ्याकडे नीट बघितलं. हसत नव्हती. जिने जन्मात कधी एक वेळचं जेवण चुकवलं नाही, जी एकादशीला माझ्यासमोर बसून अंडी खाते, ती बाई मला म्हणाली,

"रविवारी माझा उपास आहे."

मी हे वाक्य किती वेळा बोलले असेन. कोणी माझ्याशी कधी बोललं नव्हतं. आपण नकोसे आहोत हे इतक्या गोड शब्दांत सांगता येतं, आणि त्यावर समोरच्याला काही बोलताही येत नाही. बरं, असू दे, असं म्हणून निघून जावं लागतं. ती आणि तिची आई तसंच म्हणायच्या. बरं गं, असू दे, देवाचं आहे. माझ्याही जिभेवर तेच आलं होतं. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. पण मी चंपामावशीएवढी सोशिक नाही आणि शीतलएवढी शहाणी नाही.

"तुझा असेल," मी म्हटलं. "माझा नाहीये. तू बस बघत. मी जेवीन."

ती रिक्षात बसली, पदर आत ओढून घेतला. रिक्षावाल्याने मीटर टाकलं. मला वाटलं, गेली आता, आणि रविवारचं काही खरं नाही. मग तिने डोकं बाहेर काढलं.

"आई तिखट करते," ती म्हणाली.

"करू दे," मी म्हटलं.